कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचते आणि त्याचे पैसे घेते. सव्वीस वर्षं हेच केल्यावर वाचनाचं जे व्हायचं ते झालंय. घरी कादंबरी उघडली की पानावर कुणाचा तरी जीव जात असतो आणि मी 'आणि'च्या णिची वेलांटी पहिली आहे ना ते बघत असते. पेन्सिल लांब ठेवली तरी बोट समासात खुणा करतं.

गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला, तेव्हा भाचीने माझा फोन हातात घेऊन ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं आणि वर दोन जाडजूड ग्राफिक नॉव्हेलं आणून आदळली. "मावशी, एक तर ऐक, नाहीतर चित्रं बघ. अक्षरांना सुट्टी दे." मी नाक मुरडलं. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे आणि कॉमिक्स म्हणजे पोरांचा खेळ, अशी माझी पक्की मतं होती. आता दोन्ही गिळली आहेत.

सुरुवात ट्रेव्हर नोआ या विनोदी कलाकाराच्या 'बॉर्न अ क्राइम'ने केली, २०१६ सालचं आत्मकथन, स्वतः लेखकाने वाचलेलं. आई काळी, कोसा जमातीची, बाप गोरा स्विस, जन्म १९८४चा. वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत असा संबंधच कायद्याने गुन्हा होता, म्हणून ते नाव. यातले कोसा भाषेतले शब्द छापलेले असते तर मी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. स्पेलिंग दोन्ही ठिकाणी सारखं आहे ना एवढं बघून पुढे गेले असते. इथे तो जिभेने टाळूवर टकटक वाजवत ते शब्द बोलतो आणि मी भांडी विसळता विसळता नळ बंद करून उभी राहिले. एका प्रसंगात मागून चालणारी झुलू या दुसऱ्या जमातीची काही पोरं त्याला लुटायचा बेत झुलू भाषेत करत असतात. याला सगळं समजतंय याची त्यांना कल्पना नाही. हा वळतो आणि त्यांच्याच भाषेत म्हणतो, चला, आपण मिळून कुणाला तरी लुटू. भाषा बदलली की माणूस बदलतो, हे त्या प्रसंगात सांगावं लागत नाही. आवाजच बदलतो. हे पुस्तक छापील का असावं, हेच मला आता कळेनासं झालंय.

दुसरं, अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी'. वाचक रे पोर्टर, लांबी सोळा तासांच्या वर. भौतिकशास्त्राचे हिशेब मी ऐकून सोडून दिले. खरं सांगायचं तर अर्धे कळले नाहीत आणि काही बिघडलंही नाही. पण यात एक पात्र शब्दांत बोलत नाही, सुरांत बोलतं. छापील पुस्तकात त्या जागी संगीताची चिन्हं आहेत. ऑडिओत खरोखर सूर वाजतात, एकावर एक ठेवलेले. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मला वाटलं फोनवर कुणाचा तरी मेसेज आला. पंधरा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकलं. (ते पंधरा सेकंद मागे नेणारं बटण ज्याने काढलं त्याचं भलं होवो. मुद्रितशोधकाला आयुष्यात एवढंच हवं असतं.) पात्र कोण, कुठलं, ते सांगत नाही. सांगितलं तर मजा जाईल.

सगळंच जमलं असं नाही. जॉर्ज सॉन्डर्सच्या 'लिंकन इन द बार्डो'ला एकशे सहासष्ट आवाज वापरलेत. ऐकून हुरळून गेले आणि वीस मिनिटांत हरवले. स्मशानातली भुतं बोलत सुटतात. छापील पानावर कोण बोललं त्याचं नाव बोलण्याच्या नंतर येतं, म्हणजे डोळा खाली जाऊन नाव बघतो आणि वर परततो. कानाला खाली-वर नसतं, त्याला फक्त पुढे असतं. शेवटी छापील प्रत समोर ठेवून ऐकलं, तेव्हा कुठे ते पुस्तक उघडलं. अब्राहम लिंकनच्या मुलाच्या, विलीच्या मृत्यूचं ते पुस्तक, १८६२ सालचं, आणि उघडल्यावर मात्र हलवून सोडतं. पण एवढे कलाकार गोळा करायचे आणि ऐकणाऱ्याने पुस्तक धरून बसायचं, हा उलटा व्यवहार झाला.

आणि एक मराठी ऑडिओबुक, ज्याचं नाव मी घेणार नाही. मला वाटलं होतं कानाने वाचलं की शुद्धलेखनाचा प्रश्नच मिटला, कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. पण आपल्या लिपीने एक गोष्ट लपवून ठेवली आहे. आपल्या च आणि ज चे दोन दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. 'चमचा' या एका शब्दात दोन्ही च येतात. प्रुफात मला ते कधी दुरुस्त करावं लागलं नाही, कारण कागदावर ती चूक दिसतच नाही. तर त्या पुस्तकात नवरा जिन्यावरून बायकोला हाक मारतो, "जरा थांब." वाचकाने ते 'जरा' जन्म-जरा-मरणातलं म्हटलं! म्हातारपणा, थांब! प्रसंग गंभीर होता. मी बसमध्ये एकटीच हसत होते. पुढच्या प्रकरणापर्यंत 'जरा' अकरा वेळा आलं. हो, मोजलं. मग बंद केलं. सव्वीस वर्षांची खोड डोळ्यातून निघून कानात जाऊन बसलीय, दुसरं काय.

भाची दुप्पट वेगाने ऐकते. तिचं म्हणणं, तेवढ्याच वेळात दोन पुस्तकं होतात. मी एकदा सव्वापट करून पाहिलं तर वाचणाऱ्याचे श्वास गेले. शब्द सगळे होते, पण वाक्य संपल्यावर माणूस जो थांबतो, तो थांबा गेला. कुणी स्वल्पविराम पुसत चाललंय असं वाटलं. परत मूळ वेगावर आले.

तो वेग आपल्या हातात नसणं हीच मला ऐकण्यातली सुटका वाटते. प्रूफ वाचताना नजर उड्या मारते, मागे येते, ओळ पकडून ठेवते. ऐकताना दुसरं कुणी बोट धरून नेतं. विलायतेत १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं निघाली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर पंचवीस मिनिटं मावत आणि एका कादंबरीला दहा-दहा तबकड्या लागत. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. दर पंचवीस मिनिटांनी उठून तबकडी उलटायची, तीही खून कुणी केला ते कळायच्या बेतात असताना! मी मात्र झोपेत तीन प्रकरणं पुढे जाते आणि सकाळी कोण मेलं ते शोधत बसते.

ग्राफिक नॉव्हेलचं उलटं निघालं. तिथे वेग सगळा माझ्या हातात आणि मला तो वापरताच येईना. शॉन टॅनचं 'द अरायव्हल' मी पहिल्यांदा वीस मिनिटांत संपवलं. एक शब्द नाही त्यात, म्हणजे माझ्या डोळ्यांना धरायला काही नाही, आणि मी पानं उलटत सुटले. भाचीने विचारलं, "बोटीचा प्रवास किती दिवसांचा होता?" मी म्हटलं, "कुठला प्रवास?" तिने पान काढून दिलं. घर सोडून निघालेला माणूस बोटीवर आहे, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर नुसते ढग. छोट्या छोट्या साठ चौकटी, प्रत्येकीत वेगळा ढग. मी ती सजावट समजून उलटली होती. मग एकेका ढगावर थांबले. आकाश काळवंडतं, फाटतं, पुन्हा पांढरं होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत येईतो मला खरोखर कंटाळा आला, आणि मग लक्षात आलं की तो कंटाळा त्या माणसाचा आहे.

हा माणूस ज्या देशात उतरतो तिथली लिपी टॅनने बनवलेली आहे. पाट्यांवर, कागदांवर सगळीकडे तीच. त्याला ती वाचता येत नाही आणि मलाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी छापील अक्षरांकडे नुसतं बघितलं. त्यात चूक असली तरी मला कळणार नव्हती. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

'भीमायन' आधीच वाचायला हवं होतं, नाही वाचलं, आता वाचलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची, प्रकाशन २०११. या दोघांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला, म्हणून पानावर सरळ रेघांचे डबे नाहीत. नक्षी वळत जाते आणि प्रसंग तिच्यात मावतात. मला भावले ते संवादाचे फुगे. साधंसरळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. स्टेशनावर लहानगा भीम अस्पृश्य आहे ते कळल्यावर समोरच्याचं बोलणं बदलतं, तेव्हा शब्द वाचायच्या आधीच नांगी दिसते. विरामचिन्हांवर मी आयुष्य घालवलंय. इतकं काम करणारं विरामचिन्ह माझ्या पाहण्यात नाही.

चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीबद्दल स्कॉट मक्लाउडने 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या १९९३च्या पुस्तकात, तेही कॉमिक्समध्येच, सांगितलंय. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, पुढच्या चौकटीत शहरावर किंकाळी. मारलं कुणी? मधल्या कोऱ्या जागेत वाचकाने. हे वाचून मी थोडी दचकले, कारण कोरी जागा म्हणजे माझ्यासाठी 'जागा कमी करा'ची खूण होती.

शेवटी आर्ट स्पीगलमनचं 'माउस'. दोन भाग, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ साली पुलित्झरचा खास सन्मान. ज्यू उंदीर, नाझी मांजरं, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, आणि त्यामुळेच मी ते टाळत होते. प्रतीक कळलं म्हणजे पुस्तक कळलं असं वाटायचं. कुणीच मला सांगितलं नव्हतं की हे एका हट्टी, चिक्कू, जीव नकोसा करणाऱ्या म्हाताऱ्याचं पुस्तक आहे. हा व्लाडेक, स्पीगलमनचा बाप, गोळ्या मोजत बसतो, त्या सांडतात आणि दोष पोराला. अर्धवट खाल्लेली खाद्याची खोकी दुकानात परत करतो. मुलाचा जुना कोट त्याला न विचारता फेकून देतो. मग मधेच सायकलचा व्यायाम करताना त्याच्या हातावर आउश्वित्झच्या छळछावणीत गोंदलेला आकडा दिसतो, कुणी काही म्हणत नाही, पॅडल चालूच.

त्याची इंग्रजी मोडकी आहे, क्रियापद भलत्या जागी. पहिल्या दहा पानांत माझं बोट समासाकडे गेलं. अकराव्या पानापासून तो मला ऐकू येऊ लागला. आणि ते उगीच नव्हतं. स्पीगलमनने बापाला समोर बसवून तासन् तास टेपवर बोलतं केलं होतं, त्याच फितींवरून हे पुस्तक उभं राहिलं. म्हणजे मी डोळ्यांनी एक ऑडिओबुकच वाचत होते की!

दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे, तो मी या महिन्यात चार वेळा उघडला असेल. बाप गेलाय, पहिला भाग गाजलाय, आणि आर्ट टेप लावून बसलाय. फितीत बाप आपलं दुखणं आणि बायकोच्या तक्रारी उगाळतोय, आणि मग स्वतः आर्टचाच आवाज येतो, बस्स, मला आउश्वित्झचं सांग! ऐकता ऐकता खुर्चीतला आर्ट लहान होत जातो, चौकटीगणिक, पोराएवढा. फीत मात्र चालूच असते.

भाचीला मी काल विचारलं, आपल्या आजीचा आवाज कुणाकडे रेकॉर्ड केलेला आहे का? ती म्हणाली, "एका लग्नाच्या व्हिडिओत आहे बघ, मागून कुणाला तरी ओरडतेय." तेवढाच आहे. तो पाठव म्हटलंय.