गच्चीवरच्या मिरच्यांसाठी स्वस्तातली माती : तिसऱ्या वर्षाची नोंदवही

१८ फेब्रुवारी

पर्जन्यवृक्षाची पानगळ सुरू झाली. भांडुपला आमच्या सोसायटीबाहेर अशी चार झाडं आहेत. झाडूवाल्या मावशी रोज सकाळी त्यांचा पाला एका कोपऱ्यात लावतात. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे खतासाठी पाला मागितला तेव्हा त्यांना वाटलं, हा तक्रार करायला आलाय. यंदा त्याच हाक मारतात, "दादा, दोन गोण्या भरल्यात, न्या."

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मागचा हिशेब. पहिल्या वर्षी नर्सरीवाल्याने सांगितलं तसं केलं: निम्मी लाल माती, निम्मं शेणखत. मे महिन्यापर्यंत रोपं बघून शेजारचे काका रोप मागायला यायचे. जूनमध्ये चार दिवस सलग पाऊस लागला आणि पिशव्यांवर तळी साचली. जुलैअखेर बारापैकी तीन झाडं उरली. आमची लाल माती जांभ्याची, चिकण भरपूर. काचेच्या बाटलीत ती पाण्यात हलवून ठेवली तर रेती मिनिटाभरात खाली बसली, पण पाणी दुसऱ्या दिवशीही गुलाबी होतं. तो गुलाबी भाग म्हणजे चिकण, आणि पावसात ओली होऊन, सुकून, पुन्हा ओली होऊन तीच वीट बनते.

दुसऱ्या वर्षी उलट टोक गाठलं. कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, पाच किलोचे ठोकळे आणले आणि माती नावालाच घातली. पिशव्या हलक्या झाल्या, आई खूश. पण कोकोपीट मुंबईच्या पावसात सुकतच नाही. वर हिरवं शेवाळ, आत बारीक काळ्या माश्या, आणि पानं पिवळी. शिवाय पहिला ठोकळा मी न धुता वापरला होता. नारळाच्या शेंडीत मीठ असतं, तीन-चार पाण्यांनी धुवायलाच हवं. कोकोपीट वाईट नाही, मार्चमध्ये पुण्यात बाग असती तर मी तेच वापरलं असतं. इथे अडचण पाणी धरण्याची नाही, सोडण्याची आहे.

यंदा ठरवलंय की खताचा विचार शेवटी. आधी मातीत हवा कशी राहील ते बघायचं, आणि तेही फुकटात किंवा फुकटाच्या जवळपास.

२३ फेब्रुवारी

दोनशे लिटरची दोन निळी पिंपं, चहूबाजूंनी भोकं पाडून. आत पाला, उसाचं चिपाड आणि शेण, थरावर थर. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, हातानेच चुरतात. त्यामानाने बदामाची पानं पापडासारखी एकमेकांना चिकटून बसतात आणि मधे हवाच जात नाही. ती फाडून घालावी लागतात, नाहीतर मेमध्ये उकरल्यावर फेब्रुवारीतली पानं जशीच्या तशी निघतात.

चिपाड स्टेशनजवळच्या रसवंतीवाल्याकडून. तो खुशीने देतो, कारण त्याला ते फेकायला पैसे पडतात. एकदा पाण्यातून काढून कोयत्याने बोटभर तुकडे केले. न धुता घातलं तर साखरेच्या वासाने मुंग्यांची जत्रा भरते. शेण आरे कॉलनीतल्या तबेल्यातून, म्हशीचं, ताजं. वास दोन दिवस टिकला आणि सेक्रेटरींचा फोन तिसऱ्या दिवशी आला, म्हणजे तक्रार करण्यापुरतं काही उरलं नव्हतं.

रोज सळई खुपसून बघतोय. पाचव्या दिवशी ती चटका बसेल इतकी तापली.

९ मार्च

नेरळला मामीकडे. तिच्या दिराची भातगिरणी आहे. तूस बहुतेक वीटभट्टीवाले उचलतात, पण माझ्यासाठी दोन गोण्या बाजूला ठेवल्या होत्या. पैसे घेतले नाहीत, भरायला मदत करणाऱ्या पोराला चाळीस रुपये दिले. परतताना मालडब्यात दूधवाल्यांच्या किटल्यांमध्ये बसून आलो. एका कोळीणबाईंनी विचारलं, "एवढं तूस? कोंबड्या पाळल्यास काय?" मिरच्या म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती घरी आईकडे तयार असतेच.

तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते सावकाश कुजतं आणि एक हंगाम तरी मातीतल्या फटी उघड्या ठेवतं. पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) जे काम करतं तेच हे करतं, आणि पर्लाइट आपल्याला परवडत नाही. तोटा एवढाच की तुसात चुकार भाताचे दाणे असतात. उंदीर येऊ नयेत म्हणून गोण्या भिजवून आठवडाभर उघड्या ठेवल्या. चिमण्यांनी बरंच साफ केलं, उरलेल्याची इंचभर भाताची रोपं उगवली. उपटून पिंपात टाकली.

विटांचे तुकडे मात्र शोधावे लागत नाहीत. दोन गल्ल्या सोडून इमारत पाडायचं काम चालू आहे, मुकादमाला विचारून पाटीभर आणले. सिमेंट चिकटलेले सगळे वेगळे काढले. सिमेंट मातीचा सामू (pH) वर नेतं, आणि डेब्रिजमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते देव जाणे. फक्त जुनी भाजकी वीट, हातोडीने फोडून हरभऱ्याएवढी. चाळून धूळ टाकली, कारण तीच धूळ परत फटी बुजवते.

२० एप्रिल

खत तयार दिसत होतं. काळं, वास मातीचा, सळई थंड. दोन्ही पिंपं तिसऱ्या हिश्श्यावर आली. तरी घाई नको म्हणून चाचणी लावली: एका डब्यात हे खत आणि लाल माती, दुसऱ्यात गांडूळखत आणि तीच माती, दोन्हीत मोहरी. मेथी लावू नका. ती शेंगवर्गीय, मुळांवरच्या गाठीतून स्वतःचा नत्र मिळवू शकते, मग तुमचं खत कच्चं असलं तरी ती हिरवीगार दिसेल. मोहरीला तसा आधार नाही.

आठव्या दिवशी दोन्ही डबे सारखेच, तेवढे दिवस रोप दाण्यातल्या शिदोरीवर जगतं. आज पंधराव्या दिवशी माझ्या खतातल्या मोहरीची खालची पानं पिवळी, गांडूळखतातली गडद. चिपाड अजून कुजतंय आणि त्यासाठी जंतू मातीतला नत्र ओढून घेतायत. दोन बोटांत चिपाडाचा तुकडा धरून ओढला तर धागा अजून तुटत नाही. हे मी पंधरा दिवसांपूर्वीच करून बघायला हवं होतं.

उपाय म्हणून अमृतजल केलं: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाणी घालून वापरायचं. मूळ कल्पना श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटातली, पुढे दीपक सचदे यांनी ती अमृतमाती, म्हणजे अमृतजलात भिजवलेल्या पाल्यापासून केलेली माती, म्हणून वाढवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली तिथेही याच पद्धतीची माती वापरली होती. पूर्ण अमृतमातीला साडेचार महिने लागतात. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता, म्हणून फक्त पाणी उचललं.

१७ मे

चिपाडाचा धागा ओढला की तुटतो. आज मिश्रण केलं.

माप रंगाची वीस लिटरची बादली. लाल माती दोन बादल्या, पाल्या-चिपाडाचं खत तीन, तूस दोन, गांडूळखत एक, विटांचे तुकडे एक. वर किलोभर निंबोळी पेंड. नऊ बादल्या ओतल्या आणि साडेसातच भरल्या, कारण बारीक माती जाड तुकड्यांमधल्या जागेत जाऊन बसते. वजाबाकी करताना हे विसरू नका, मी पहिल्या वर्षी दोन पिशव्या जास्त आणल्या होत्या.

खर्च: माती २०० रुपये, गांडूळखत २४०, पेंड ७०, तुसाचे ते ४०. एकूण ५५० रुपयांत सात पिशव्या, बारा बाय बारा इंचाच्या, प्रत्येकीत वीस लिटर. नेरळचं तिकीट आणि मामीकडचं जेवण धरलेलं नाही.

अर्धी बादली उरली. ती वाया कशाला घालवायची म्हणून गेल्या वर्षीच्या टोमॅटोच्या पिशवीतली जुनी माती त्यात मिसळून आठवी पिशवी भरली. हे वाक्य लक्षात ठेवा.

मूठ परीक्षा: ओलसर मिश्रण मुठीत आवळलं की लाडू व्हायला हवा, आणि बोटाने टोचल्यावर तो फुटायला हवा. फुटला.

आता खडे. दरवर्षी कोणीतरी विचारतंच की पिशवीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्या घातल्या का. नाही घातल्या. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. गळायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी गळेल. म्हणजे स्पंज तळाशी ठरावीक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवतो, त्याच्या वरचं सोडतो. पिशवीतली मातीही तसंच करते, आणि तो चिंब थर किती उंच हे मातीच्या कणांवर ठरतं, पिशवीच्या उंचीवर नाही. तळाला खडे घातले तर तो थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. म्हणून विटांचे तुकडे तळाला न घालता मातीभर मिसळायचे. हे कळायला मला दोन पावसाळे लागले आणि आईचा एक स्पंज.

५ जून

रोपं लावली, पाच लवंगी आणि तीन ज्वाला. पिशव्या दोन-दोन विटांवर, म्हणजे खालून हवा जाते आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सेक्रेटरींना बोलायला जागा राहत नाही.

१९ जून

पावसाने पहिलाच तडाखा जोरात दिला, रात्रभर. सकाळी छत्री घेऊन वर गेलो. एकाही पिशवीवर तळं नाही. लिटरभर पाणी मुद्दाम ओतून मोजलं, वीस सेकंदांत खालून धार. पहिल्या वर्षी याच चाचणीत चहा पिऊन परत आलो तरी पाणी वरच होतं.

वजनकाटाही वर नेला. पहिल्या वर्षीची चिंब पिशवी ३४ किलो भरली होती, आजची २१. स्लॅबवर आठ पिशव्या म्हणजे शंभर किलोंचा फरक.

६ जुलै

आठ नंबर दुपारी मान टाकून बसली. पानं हिरवी, माती ओली, एकही डाग नाही. संध्याकाळपर्यंत परत उभी राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपली, तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. जास्त पाण्यानेही झाड मान टाकतं, पण तेव्हा बहुधा पानंही पिवळी पडतात.

बुंध्याजवळ खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगतं ठेवलं. दोन-तीन मिनिटांत कापाच्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरायला लागले. जिवाणू मर. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, सगळ्या या कुळाला लागते, कोकणातल्या आंबट ओल्या मातीत तिचं चांगलं बस्तान आहे आणि औषध नाही. गेल्या ऑगस्टमध्ये टोमॅटो अचानक वाळला होता तेव्हा मी कोकोपीटला शिव्या दिल्या होत्या. कोकोपीटची माफी. अर्धी बादली माती वाचवायच्या नादात मी तो रोग जपून ठेवला आणि यंदा हाताने पेरला.

झाड मुळासकट कचऱ्यात दिलं, पिंपात नाही. कात्री आणि खुरपं ब्लीचच्या पाण्यात बुडवलं. पिशवी बाकीच्यांपासून लांब, गच्चीच्या उताराच्या खालच्या टोकाला, म्हणजे तिच्यातलं पाणी इतरांकडे वाहणार नाही.

२ ऑगस्ट

सात झाडं, सातही उभी. आज पहिली तोडणी, पाव किलोला थोडी कमी. दोन लवंगींच्या शेंड्याची पानं आत वळायला लागलीत, बोकड्या रोगाची सुरुवात असावी. शेंडे खुडले, पानामागे निंबोळी तेल मारलं. उघडीप लांबली तर वाढेल.

माती चार बोटं खाली बसली आहे. वरून खत घातलं, पण तूस आणि विटा परत वर आणता येत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी पिशव्या काठोकाठ भरेन. मिश्रणात लाल माती दोनऐवजी दीड बादली करून बघायचा विचार आहे. अंड्याची टरफलं घालू का, असं दोघांनी विचारलं होतं. घाला, पण मिक्सरमध्ये पीठ करून. तुकडे घातले तर पुढच्या वर्षीही तुकडेच सापडतील.

आठ नंबरच्या मातीत झेंडू लावलाय. गणपतीपर्यंत येणार नाही, दसऱ्याला मिळेल. मेमध्ये ती माती पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना उन्हात तापवेन, तरी मिरची तिच्यात परत लावणार नाही. आईने त्या पिशवीवर खडूने मोठी फुली मारली आहे, पावसात धुऊन जाते, ती रोज परत मारते.