ताश्कंदमधले राजाबी मास्तर

ताश्कंदच्या मेट्रोत अमीर तेमूर चौकाच्या स्थानकावर गाडी बदलायची असेल, तर ज्या फलाटावर जावं लागतं त्याचं नाव 'युनुस राजाबी'. हे गृहस्थ सेनापती नव्हते की पक्षाचे पुढारी नव्हते. गवई होते, आणि त्याहून जास्त मास्तर. आपल्याकडे गवयाच्या वाट्याला रस्ता येतो, चौक येतो, नशीब जोरावर असेल तर नाट्यगृह. मेट्रोचं जंक्शन म्हणजे फारच झालं! 2018पर्यंत या मेट्रोत फोटो काढायला बंदी होती. आता पोरंपोरी खुशाल सेल्फी काढत असतात, आणि नावाच्या पाटीकडे कुणाचं लक्ष नसतं.

समरकंदचे निळे घुमट बघायला सगळेच येतात, मीही आलो होतो. पण घुमट थोडे कमी पाहिले तरी चालतील, शशमकोम शिकवतात कसं ते बघायचंच, हे निघतानाच ठरवलं होतं.

शशमकोम म्हणजे सहा मकोमांचा, म्हणजे बांधलेल्या रचनांच्या मालांचा, संच: बुझरुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह, इरोक. बुखाऱ्याच्या अमिराच्या दरबारात हे संगीत वाढलं. प्रत्येक मकोमात आधी वाद्यांचा भाग, मग गायनाचा. कानाला आपल्या रागाची आठवण होते खरी, पण आपल्यासारखा विस्तार इथे करायचा नसतो. रचना बांधलेल्या, क्रम ठरलेला. गायक खर्जाच्या आसपास संथपणे सुरू करतो, गझलेच्या ओळीमागून ओळ वर चढत जातो आणि 'अवज'ला पोचतो. तिथे आवाज पार टिपेला लागतो, आणि मग तसाच सावकाश उतरून येतो. गळा तयार नसेल तर अवजपाशी सगळं उघडं पडतं.

1920 साली बोल्शेविकांनी बुखारा घेतला, अमीर पळाला आणि दरबाराबरोबर आश्रयही गेला. राजाबी तेव्हा तेवीस वर्षांचे. जन्म ताश्कंदचा, 1897चा. गाणं, तंबूर, दुतार सगळं हाताशी. पुढे ताश्कंद रेडिओवर त्यांनी वादक-गायकांचा ताफा उभा केला. 1951 साली उझबेक कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावाने मकोमांवर जुनाट, दरबारी असल्याचा शिक्का मारला. दिवस पालटायला स्टालिन जावा लागला. पन्नाशीचं दशक संपता संपता रेडिओवर खास मकोमांचा ताफा उभा राहिला, त्याचे प्रमुख राजाबी. आणि 1966 ते 1975 या काळात त्यांनी शशमकोम स्वरलिपीत उतरवून सहा खंडांत छापून घेतला. शेवटचा खंड आला आणि पुढच्या वर्षी ते गेले.

सहा खंड म्हटल्यावर मराठी माणसाला भातखंडे आठवणारच. त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचेही भाग सहा. भातखंडे वकील, उस्तादांच्या मागे लागून चिजा मिळवणारे. राजाबी स्वतः मैफलीतले. पण दोघांच्या नावाने बोटं मोडणारे एकाच गोष्टीसाठी मोडतात: वाहतं गाणं यांनी कागदावर गोठवलं.

तसं खरंच होतं का, ते एका संगीतशाळेत पाहायला मिळालं. खोली लहान, खिडकीत जरबेराची कुंडी. उस्ताद साठीचे, डोक्यावर काळीपांढरी दोप्पी. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा तंबूर घेऊन. हा तंबूर आपल्या तंबोऱ्यासारखा आधारस्वर देत नाही, त्यावर सरळ गत वाजते. लांबलचक बारीक दांडी, तिला बांधलेले पडदे, धातूच्या तारा, आणि उजव्या तर्जनीत धातूची नखी. उस्ताद मांडीवर हात मारत 'बुम, बक' असे दोइऱ्याचे बोल म्हणत होते. दोइरा म्हणजे तिथला डफ. ठेका तोंडाने आधी पाठ, मग वाद्य हातात.

राजाबींचा खंड स्टँडवर उघडा होता. मुलाने ओळ वाजवली. बिनचूक, आणि कोरडी ठणठणीत. उस्तादांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे वाकले, मुलाच्या डाव्या हाताच्या बोटावर स्वतःचं बोट ठेवलं आणि तार पडद्यावर दाबून बाजूला रेटली. स्वर हलला, कण्हल्यासारखा झाला. याला 'नोला' म्हणतात. मग पोराकडून तेवढाच एक स्वर घोटून घेतला, इतका की शेजारी बसलेली माझी दुभाषी मुलगी जांभया द्यायला लागली. मी नंतर पान निरखून पाहिलं: त्या जागी साधा काळा ठिपका. पुस्तक ओळ विसरू देत नाही, बाकीचं उस्तादाच्या बोटातून येतं. मला यात गोठलेलं काही दिसलं नाही. तास संपल्यावर राज कपूरची चौकशी झालीच. उझबेकिस्तानात ती चुकत नाही.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. बुखाऱ्यात हे गाणं मुख्यतः ताजिक, म्हणजे फारसीत गात. 1924 साली रशियन संगीतकार उस्पेन्स्कीने दोन वृद्ध बुखारी कलावंतांकडून उतरवून घेतलेला पहिला छापील शशमकोम शब्दांविनाच निघाला. पुढे देशांच्या सीमा आखल्या गेल्या तशा गाण्याच्याही वाटण्या झाल्या. राजाबींच्या खंडांत नवोईसारख्या कवींच्या उझबेक गझला आल्या; ताजिकांनी आपले वेगळे पाच खंड मॉस्कोतून छापून काढले. राजाबींना दुसरी वाट होती असं वाटत नाही, त्या काळात उझबेक शिक्का नसता तर खंड छापलेच गेले नसते. तरी जुन्या शब्दांवर बेतलेल्या चालीत नवे शब्द बसवले की कुठेतरी अक्षर ओढावं लागतंच. युनेस्कोच्या 2008च्या यादीत मात्र शशमकोम दोन्ही देशांच्या नावे एकत्र आहे.

शेवटी बुखारा गाठलं. लबी हौजच्या काठी चहा पीत बसलेल्या एका म्हाताऱ्या गवयाला विचारलं, खरा शशमकोम कुठल्या भाषेतला? ते आधी हसले. मग म्हणाले, "लग्नाला पाहुणे कुठून आलेत ते बघतो आणि ठरवतो. पैसे दोन्हीकडचे सारखेच देतात."