एक मिनिट दोन सेकंद

२००७ सालचा पहिलाच दिवस आणि मला ड्युटी स्टेडियमवर. ॲरिझोनातलं ग्लेनडेल. स्टेडियम उघडून जेमतेम पाच महिने झालेले. तिथल्या गवताचं मला भारी कौतुक होतं. अख्खं मैदान चाकांवरच्या एका अवाढव्य ट्रेमध्ये. एरवी बाहेर ऊन खात पडायचं, सामन्याआधी सरकत आत यायचं.

माझा संबंध मात्र गवताशी नाही, गल्ल्याशी. खाण्याच्या काउंटरवरची बिलिंगची मशीनं चालू ठेवायची, अडली की धावायचं आणि शेवटी एकेका मशीनचा दिवसाचा हिशेब बंद करायचा. सामना बघायचा तो काउंटरवर टांगलेल्या टीव्हीवर, मान वाकडी करून.

त्या संध्याकाळी फिएस्टा बोल होता, अमेरिकन फुटबॉलमधला कॉलेज संघांचा मोसमाअखेरचा मानाचा सामना. ओक्लाहोमा म्हणजे कॉलेज फुटबॉलमधलं मातब्बर घराणं, सात राष्ट्रीय अजिंक्यपदं. पण त्यांचा तो मोसम रडतखडत गेलेला. सुरू व्हायच्या आधीच क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, संघातून काढावं लागलं, मग पास झेलणाऱ्या पॉल थॉम्प्सनलाच पास फेकायला उभं केलं. ओरेगनविरुद्ध पंचांनी घोळ घातला आणि एका गुणाने हरले, ३४-३३. ऑक्टोबरात चेंडू घेऊन धावणाऱ्या एड्रियन पीटरसनचं कॉलरबोन मोडलं. तरीही बिग ट्वेल्व्ह हा आपला गट जिंकून आले होते, आणि पीटरसन आज परत उतरणार होता.

समोर आयडाहो राज्यातलं विद्यापीठ, बॉइसी स्टेट. घरचं मैदान निळं, बारापैकी बारा सामने जिंकलेले. सॅन होजेविरुद्ध तेवढे मरता मरता वाचले, शेवटच्या किकवर २३-२०. त्याच सामन्यात चेंडू घेऊन धावणाऱ्या त्यांच्या इयन जॉन्सनच्या फुफ्फुसाला इजा झाली. पण गट लहान, म्हणून मान लहान. अजिंक्यपदाचा सामना आठवड्याने याच मैदानावर व्हायचा होता, ओहायो स्टेट आणि एकदा हरलेली फ्लोरिडा यांच्यात. न हरलेल्या बॉइसीला तिथे जागा नाही! रणजीत प्लेट गटातल्या संघाला मुंबईपुढे उभं करावं, तसं सगळे या सामन्याकडे बघत होते.

तिसऱ्या डावात बॉइसी २८-१० पुढे. बॉइसीवाल्यांच्या नारिंगी टोप्या आनंदात नाचो घेऊन जात होत्या. मग ओक्लाहोमा पेटली. २८-२८. लगेच पुढच्याच चेंडूला बॉइसीचा क्वार्टरबॅक झाब्रान्स्की याचा पास ओक्लाहोमाच्या मार्कस वॉकरने मधल्यामध्ये पकडला आणि थेट गोलरेषेपार नेला. ३५-२८. घड्याळात एक मिनिट दोन सेकंद.

संपलं, असं मीच ठरवून टाकलं. घरी मित्र जेवायचे थांबले होते. काउंटरप्रमुखाने सांगितल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही हा नियम. तो गुंडाळून ठेवला आणि टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्या मशीनमधून हिशेबाची पट्टी सरसरत बाहेर येत होती तेवढ्यात वरून असा आवाज आला की हातातली पट्टी फाटली.

चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, अठरा यार्ड हवे होते. झाब्रान्स्कीने मधोमध ड्रिसन जेम्सला पास दिला. सगळे त्याच्यावर धावले आणि त्याने खो दिल्यासारखा चेंडू उलट्या दिशेने येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हाती सरकवला. रॅब सुटला तो सुटलाच. सात सेकंद उरले होते. ३५-३५, ओव्हरटाइम.

आणि लोक पाण्याला धावले.

एकदा दिवस बंद केला की आमचं मशीन उद्याची तारीख धरून बसायचं. काउंटरवरच्या आजींनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे दोन तारीख का दाखवतंय?" मी काय सांगणार? त्यांनी मशीन बाजूला ढकललं, पेपर नॅपकिनचा गठ्ठा ओढला, कानावरची पेन्सिल काढली. फक्त रोख.

पीटरसनने पहिल्याच चेंडूला पंचवीस यार्ड धावून गोलरेषा गाठली. बॉइसीनेही, तीही चौथ्या प्रयत्नात. ४२-४१. साधी किक मारली की बरोबरी. पण बॉइसीचे प्रशिक्षक क्रिस पीटरसन दोन गुणांसाठी गेले: चेंडू पुन्हा एकदा गोलरेषेपार नेला तर जिंकले, नाहीतर हरले. रांगेने काउंटरकडे पाठ फिरवली. झाब्रान्स्कीने रिकामा उजवा हात असा फिरवला की सगळा बचाव तिकडे वळला. चेंडू होता डाव्या हातात, पाठीमागे. जॉन्सन आला, चेंडू उचलून डावीकडे पळाला. ४३-४२. थोड्या वेळाने त्यानेच टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर बसून आपल्या चीअरलीडर मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली.

मी मात्र नॅपकिन मशीनमध्ये चढवत बसलो. आजींचं अक्षर सुबक. पाणी दोन. पाणी एक. नाचो एक, पाणी चार. मग पेन्सिलची एक वेडीवाकडी रेघ, नॅपकिनच्या कडेपर्यंत. रेघेच्या जागी काय विकलं होतं, विचारलं.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या, "मी तिकडे बघत होते."

गल्ला कमी भरला तेवढे डॉलर मी खिशातून घातले.