तात्पुरती वायर

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या पतसंस्थेत मी हिशेबनीस म्हणून काम करतो. गेल्या काही वर्षांत, कोणीही तसा ठराव केलेला नसताना, संस्थेच्या संगणकांची देखभालही माझ्याकडे आली आहे. ज्याला एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता आला, त्याच्याकडे पुढे सगळीच यंत्रे येतात, असा लहान कार्यालयांतला अलिखित नियम असावा. तिजोरीच्या खोलीबाहेर जुन्या खतावण्यांचे एक लोखंडी कपाट आहे. त्याच्यामागे भिंतीवर ठोकलेल्या फळीवर आमच्या नेटवर्कचा स्विच, म्हणजे सर्व संगणकांच्या वायरी ज्यात येऊन मिळतात ती पेटी, बसवलेला आहे आणि त्या स्विचपासून जमिनीपर्यंत जो गुंता उतरतो, त्याच्याशी माझी ओळख याच वाटेने झाली.

हा गुंता निष्काळजीपणामुळे झाला असे मी बरीच वर्षे समजत होतो. या उन्हाळ्यात तो उकलायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्यातली प्रत्येक वायर कोणीतरी विचार करूनच टाकलेली होती. सर्वांत खाली काळी, टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी वायर निघाली. संस्थेत पहिले संगणक आले त्या काळची ती आहे. तेव्हा एकच वायर सर्व टेबलांमागून फिरत जाई, प्रत्येक संगणकाच्या मागे टी अक्षराच्या आकाराचा एक जोड असे आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपणे असत. झाडताना केरसुणीचा धक्का लागून त्यातले एक टोपण जरी सैल झाले तरी एका टेबलाचे नव्हे, तर सबंध शाखेचे काम थांबत असे, असे त्या वेळच्या कॅशियरकाकांनी मला सांगितले आहे. ती वायर निरुपयोगी होऊन किती वर्षे झाली असतील, पण ती अजून केसिंग पट्टीत तशीच आहे. तिच्यावर करड्या रंगाची आठ तारांची वायर आली, मग निळी, मग कॅमेऱ्यांची, मग हजेरीच्या यंत्राची आणि शेवटी दुसऱ्या इंटरनेट जोडणीची. नवे येत गेले, जुने मात्र गेले नाही. वायर टाकण्याचे बिल होते, काढण्याचे होत नाही.

शिवाय भीती असते. कोणती वायर कुठे जाते हे कोणीच लिहून ठेवलेले नसल्यामुळे, एखादी ओढून काढली आणि नेमकी दिवसअखेर चालू असताना काही बंद पडले तर काय, या विचाराने आलेला प्रत्येक माणूस जुन्याला हात न लावता स्वतःची नवी वायर टाकून निघून गेला. मागच्या खिडकीतून आत येणारी पिवळी वायर लेखापरीक्षकांच्या लॅपटॉपसाठी ‘आजच्या दिवसापुरती’ म्हणून टाकली होती. त्यानंतर तीन लेखापरीक्षक बदलले. ती वायर आता आमची मुख्य इंटरनेट जोडणी आहे, हे मला तिच्यावर पाय अडखळला त्या दिवशी कळले.

नीटनेटकेपणाने भलतेच कसे घडते, याचा एक अनुभव इथे सांगितला पाहिजे. एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सर्व काउंटर एकदम ठप्प झाले. बाहेर पिग्मी एजंटांची रांग, आत कोणाचेच खाते उघडेना. कपाटामागे पाहिले तर स्विचवरचे सर्व हिरवे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत होते. स्विच बंद करून चालू केला तर जेमतेम मिनिटभर काम चालले आणि पुन्हा तेच. शेवटी आमच्या शिपाईमामांना विचारले की कपाटामागे काही हलवले होते का. ते म्हणाले, “हलवलं नाही साहेब. एक वायर नुसतीच लोंबत होती, शेजारी भोक रिकामं होतं, म्हणून लावून टाकली.” त्या वायरीचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते.

काही निरोप सर्वांसाठी असतात. स्विच असा निरोप ज्या दाराने आत येतो ते दार सोडून बाकी सर्व दारांनी बाहेर पाठवतो. एकाच वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये असली की एका दाराने बाहेर पडलेला निरोप दुसऱ्या दाराने आत येतो आणि पुन्हा सर्वत्र पाठवला जातो. इथरनेट या वायरींच्या नेटवर्कमध्ये निरोप ज्या पाकिटातून जातो, त्यावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर हे टाकून द्यावे’ अशी कोणतीही नोंद नसते, त्यामुळे ते फिरतच राहते आणि पाहता पाहता अशा पाकिटांनी सगळी वाट भरून जाते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. स्विचांनी आपापसांत बोलून असे वर्तुळ ओळखायचे आणि त्यातला एक दुवा आपणहून मिटून ठेवायचा, असा तो उपाय आहे. आमच्या फळीवरच्या स्वस्त स्विचला मात्र ही विद्या येत नाही. मामांना मी काही बोललो नाही. लोंबणारी वस्तू जागेवर लावून ठेवावी, हे त्यांना आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

या सगळ्यात मला सर्वाधिक छळले ते तीन नंबरच्या काउंटरने. पासबुक छापण्याचे काम तिथे चालते. दोन वर्षांपूर्वी तो काउंटर बोळापलीकडच्या नव्या दालनात हलवला आणि त्यासाठी छतातून सुमारे चाळीस मीटर वायर नेली. अंतर नियमात बसणारे होते, कारण मानकाप्रमाणे एकूण १०० मीटरची मुभा असते आणि त्यातील ९० मीटर भिंतीतल्या कायमच्या वायरीसाठी धरलेले असतात. तरीही तिथल्या संगणकावर खाते कधी क्षणात उघडे, तर कधी अर्धा मिनिट लागे. पासबुक छापता छापता मध्येच थांबे आणि सभासद काचेवर बोटांनी ताल धरून उभा राही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला की ते नेटवर्क तपासायला सांगत, नेटवर्कवाल्यांना बोलावले की ते सॉफ्टवेअरकडे बोट दाखवत. वायर टाकणाऱ्या वायरमनने टेस्टर लावून दाखवला. दोन्ही टोकांना एक ते आठ दिवे बरोबर क्रमाने लागले. “वायर एकदम ओके आहे,” असे सांगून तो निघून गेला, आणि दिवे लागलेले मीही पाहिले असल्यामुळे पुढे दीड वर्ष त्या वायरीवर संशय घेतला नाही.

या मे महिन्यात, सहज म्हणून, त्या वायरीचे प्लॅस्टिकचे पारदर्शक टोक ट्यूबलाइटसमोर धरले आणि आतल्या तारांचे रंग वाचले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम होता. जोडीशेजारी जोडी, शाळेतल्या बाकांवर मुले बसवावीत तशी. पाहणाऱ्याला यात खोट दिसणार नाही. पण नियमाप्रमाणे हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फाकून बसते आणि तिच्या मध्ये, चौथ्या-पाचव्या जागी, निळी जोडी असते. या विचित्र मांडणीचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. टेलिफोनच्या प्लगमध्ये लाइनची जोडी मधोमध असे आणि दुसरी जोडी तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेई. संगणकांच्या वायरीने तीच सवय पुढे चालवली.

आता या जोड्यांना एवढे महत्त्व का, तर तारा पीळ देऊन जोडीने नेण्याची युक्तीच त्यावर उभी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले होते. जोडीतल्या एका तारेतून संदेश सुलट जातो आणि दुसरीतून तोच उलट रूपात. बाहेरून आलेला गोंगाट, म्हणजे ट्यूबलाइटचा, पंख्याचा किंवा शेजारच्या जोडीचा, पीळ असल्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडच्या टोकाला दोहोंची वजाबाकी झाली की तो नाहीसा होतो. आमच्या वायरीत तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी होती आणि सहाव्या जागी निळी. संगणक मात्र तिसरी आणि सहावी जागा एक जोडी मानतो. म्हणजे संदेश ज्या दोन तारांनी जात होता त्यांचा पीळ एकमेकींशी नव्हताच, दोघीही परक्या तारेशी गुंफलेल्या होत्या. वजाबाकी करायला सारखे काही उरत नव्हते. टेस्टरला यातले काही दिसत नाही, कारण या टोकाची पहिली तार त्या टोकाला पहिल्याच जागी पोहोचते का, एवढेच तो विचारतो, आणि त्याचे उत्तर होकारार्थीच होते. दोन मीटरच्या तुकड्यात ही चूक बहुधा खपूनही गेली असती. चाळीस मीटरवर, तेही छतात विजेच्या वायरीला खेटून नेल्यावर, ती पासबुकावर उमटत होती.

दोन्ही टोके कापली आणि पुन्हा क्रिम्प करायला, म्हणजे तारांवर नवे प्लग दाबून बसवायला, बसलो. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, असे मानक सांगते. पण पंचावन्न वर्षांच्या बोटांनी आठ तारा अर्ध्या इंचात सरळ करून, क्रम न मोडता, भोकांत सरकवणे हे सुईत दोरा आठ वेळा एकदम ओवण्यासारखे आहे. पहिल्या टोकाला तीन प्लग वाया गेले. कापलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडून पाहिली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम निघाले. बिलावर मात्र ‘शुद्ध कॉपर’ असे लिहिलेले आहे. ते बिल मी स्वतः तपासून सही केलेले आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. पासबुके तेव्हापासून न थांबता छापली जातात.

वायरमनला नंतर बाजारात गाठून हे सांगितले. “रंगानं काय होतंय साहेब, तार ती तार,” असे तो म्हणाला. खरे सांगायचे तर त्याचा क्रम मला मानकापेक्षा अधिक सरळ वाटतो. नियम ज्यांनी केला त्यांनी जुन्या टेलिफोनची सोय पाहिली आणि ज्याला त्या टेलिफोनाशी काही देणेघेणे नाही, त्याने आपल्या बुद्धीने तारा ओळीने लावल्या. संगणकाच्या बहुतेक कटकटी मला याच घराण्यातल्या दिसतात.

यूएसबीचे टोक पाहा. पहिल्यांदा बसत नाही, उलटे करून बसत नाही आणि पुन्हा पहिल्यासारखे धरले की बसते, हा अनुभव सर्वांचाच आहे. १९९६ साली ते आले तेव्हा दोन्ही बाजूंनी बसणारे टोक केले असते तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, असे ते घडवणाऱ्या मंडळींचे प्रमुख, मूळचे बडोद्याचे अजय भट्ट यांनीच सांगितले आहे. त्या वेळच्या काटकसरीची फेड आपण रोज मनगट फिरवून करतो. विजेच्या बोर्डावर शेजारचे सॉकेट झाकून टाकणारे ॲडॉप्टर, आणि एकाच आकाराची पिन असूनही एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा असणे, हा तर राउटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तो मी एकदा चोखाळलेला आहे.

मराठी टंकलेखनाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगावीशी वाटते. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठी संगणकांनी मानलेल्या सामाईक संकेतांत, १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे. असे असूनही आमचा वार्षिक अहवाल दरवर्षी छापखान्याकडून जुन्या फाँटात येतो. त्यातला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की ‘सर्वसाधारण सभा’ या शब्दांच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची खिचडी उमटते. छापखानेवाल्यांचे म्हणणे असे की वीस वर्षांचे साहित्य त्या फाँटात पडले आहे, ते बदलायचे कोणी? मला कपाटामागची काळी वायर आठवते आणि मी मुकाट्याने अहवाल पुन्हा टंकायला बसतो.

आता कपाटामागचे काम बरेचसे आटोपले आहे. दोन शनिवार लागले. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मिळतेजुळते क्रमांक चिकटवले आणि त्यांची यादी खतावणीच्या जुन्या वहीत लिहून ती वही कपाटातच ठेवली. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरल्या, कारण प्लॅस्टिकची पट्टी आवळली की तारांचा पीळ दबतो आणि पुढे एक वायर बदलायची झाली तरी सगळ्या पट्ट्या कापाव्या लागतात. अकरा वायरी काढून टाकल्या. त्यांतल्या दोन शेजारच्या धान्याच्या गोदामातल्या उंदरांनी आधीच अर्ध्या खाल्लेल्या होत्या. काळी वायर केसिंगमधून ओढताना भिंतीचा रंग आणि थोडे प्लास्टरही खाली आले, त्यावरून अध्यक्षांनी विचारणा केली.

एक वायर उरली आहे. पांढरी, स्विचमध्ये लावलेली, तिचा दिवा मधूनमधून लुकलुकतो आणि ती तिजोरीच्या खोलीच्या भिंतीत शिरते. पलीकडे कुठे निघते ते दोन दिवस शोधूनही सापडले नाही. तिला एकवीस नंबर दिला, वहीत त्या क्रमांकापुढची जागा कोरी ठेवली आणि लेखापरीक्षण झाल्यावर एखाद्या शनिवारी ती काढून पाहायची, असे मामांच्या आणि माझ्या विचाराने ठरले आहे.