हीट पंपाचं ट्रेनिंग: पहिल्या दिवशी गेज पेटीत, बादली बाहेर

पुण्यात हीट पंप, म्हणजे एसीसारख्या गॅसच्या सर्किटने बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन, बसतो तो बहुतेक अंघोळीच्या पाण्यासाठी. होस्टेल, हॉटेल, हॉस्पिटल, नाहीतर गच्चीवर सोलरला जागा न उरलेली सोसायटी. पण हे काम नक्की कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही. एसी मेकॅनिकला गॅस कळतो, प्लंबरला पाणी, वायरमनला थ्री फेज, आणि मशीन तिघांच्या मध्ये उभं. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्यांची जोडणी) सुरेख करतो, पण पाण्याचा फ्लो किती हवा असं विचारलं की गप्प होतो. म्हणून ट्रेनिंगची बॅच सुरू करताना गॅसचं प्रेशर मोजायचं गेज पहिला दिवसभर पेटीतच ठेवायला सांगावं. पाणी तापवायची इथली बरीच मशीनं मोनोब्लॉक, म्हणजे सगळं एकाच पेटीत असलेली, असतात. गॅसचं सर्किट कारखान्यातून सीलबंद येतं, त्यामुळे बसवताना त्याला हात लावायचं कारणच नसतं.

पहिला धडा गणिताचा. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण ३५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. १० किलोवॅटचं मशीन ते साडेतीन तासांत करतं, ब्रोशरप्रमाणे. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी १८ अंश आणि हवा १० अंश असेल तर लागतात ४३ युनिट, आणि मशीनची ताकद उतरून साडेसात किलोवॅटच्या आसपास आलेली असते. म्हणजे जवळजवळ सहा तास. 'थंडीत पाणी पुरत नाही' या तक्रारींमागे अनेकदा एवढंच असतं. मशीन निवडतानाच चूक झालेली, आणि दुरुस्तीला बोलावलेला माणूस गॅस तपासत बसलेला.

मग बादली. १० किलोवॅटच्या मशीनला आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक हवा असेल तर फ्लो लागतो मिनिटाला सुमारे २९ लिटर. फ्लो मीटर नसला तर टाकीत पडणाऱ्या परतीच्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरायची. ती ४२ सेकंदांच्या आसपास भरली पाहिजे. मिनिटाचे लिटर गुणिले तापमानातला फरक, भागिले १४.३, की उत्तर किलोवॅटमध्ये. नंतर वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावायचा. ४१५ व्होल्ट, ५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर सुमारे ३ किलोवॅट. म्हणजे एक युनिट वीज घालून सव्वातीन युनिट उष्णता मिळते. हे गणित ज्याला गच्चीवर उभ्या उभ्या जमतं, त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी गेज द्यायला हरकत नाही.

निदानाचा धडा याच आकड्यांवर चालतो. फरक १०-१२ अंशांवर गेला आणि मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होत (गॅसचं प्रेशर वाढून आपोआप बंद पडत) असेल तर फ्लो कमी आहे. स्ट्रेनर (पाण्याच्या लाइनीतली गाळणी) तुंबला असेल, लाइनीत हवा असेल, कोणीतरी वॉल्व्ह अर्धा बंद केला असेल, किंवा पंप उलटा फिरत असेल. फ्लो बरोबर असूनही ट्रिप होत असेल तर बहुतेक वेळा हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, क्षार. कंडेन्सिंगचं तापमान (गॅस ज्या तापमानाला द्रव होतो ते) बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा साधारण ३ ते ५ अंश वर असतं. ते अंतर १० च्या पुढे गेलं की शंका नको. खडकवासल्याचं पाणी सौम्य असतं, पण ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात तिथे हा रोग हमखास.

आणि इथेच 'गॅस जास्त झालाय'चं नाटक सुरू होतं. प्रेशर वाढलेलं पाहून एक जण गॅस सोडतो. ट्रिप थांबतं, पण आता सक्शनचं (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचं) प्रेशर पडलेलं, हवेतली उष्णता घेणाऱ्या कॉइलवर बर्फ. पुढचा येतो, 'गॅस कमी आहे' म्हणून अंदाजाने भरतो. क्षार जिथल्या तिथे. मेकॅनिकना एकच सवय मोडायला शिकवायची असेल तर ही. गॅस भरायचाच तर गळती शोधून, नायट्रोजनने टेस्ट करून, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम काढून, मशीनच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका, वजनकाट्यावर मोजून. आर-४१०ए हा गॅस मिश्रण आहे, तो द्रवरूपातच भरायचा. आर-३२ आणि प्रोपेन हे गॅस पेट घेतात आणि हवेपेक्षा जड असतात. गळालेला गॅस पॅरापेटच्या कोपऱ्यात किंवा डक्टमध्ये साचतो, म्हणून तिथे ब्रेझिंगची टॉर्च पेटवण्याआधी दहादा विचार.

क्षार काढायला फरशी धुण्याचं ॲसिड अजिबात नको, ते एक्स्चेंजरच्या स्टीलच्या प्लेटा खातं. २० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड टाकून छोट्या पंपाने एक्स्चेंजरमधून तास-दोन तास फिरवायचं. फेस थांबला की काढून स्वच्छ पाणी सोडायचं, पीएच पेपर न्यूट्रल दाखवेपर्यंत. यासाठी बसवतानाच युनिटजवळ पाइपाचे दोन टी (तीन तोंडांचे जोड) आणि चार वॉल्व्ह ठेवले पाहिजेत. नेमके तेच पैसे वाचवले जातात, आणि मग दर वेळी पाइप कापावा लागतो.

बसवण्याबद्दल एसीवाल्यांना एक गोष्ट उलटी करून सांगावी लागते. एसीचं बाहेरचं युनिट गरम हवा फेकतं, हे थंड हवा फेकतं. ती थंड हवा परत कॉइलमध्ये गेली की मशीनची ताकद पडते. 'पावसापासून वाचवायला' वर पत्र्याची शेड ठोकणं, दोन युनिटं समोरासमोर लावणं, पाठ पॅरापेटला चिकटवणं, तिन्हीचा परिणाम तोच. पावसाळ्यात कॉइलमधून भरपूर पाणी ठिबकतं, त्याला ड्रेन हवा. युनिट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर रबर पॅड टाकून ठेवायचं. ब्रिकबॅट कोब्यात (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात) अँकर बोल्ट मारला तर खालच्या फ्लॅटमध्ये गळती, आणि मग हीट पंपापेक्षा मोठं भांडण. सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची) १० मीटर लाइन ३५ अंशांनी तापली की दोन सेंटिमीटरहून जास्त वाढते, म्हणून क्लॅम्प घट्ट आवळू नयेत, वळणात जागा सोडावी. इन्सुलेशनवर उन्हापासून आवरण नसेल तर एक-दोन उन्हाळ्यांत त्याचा चुरा.

विजेचं थोडक्यात. फेज सिक्वेन्स रिले, म्हणजे तीन फेजचा क्रम उलटला तर मशीन सुरू न होऊ देणारा स्विच, असलाच पाहिजे. ट्रान्सफॉर्मरच्या कामानंतर फेज बदलले की स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो: आवाज मोठा, करंट कमी, प्रेशरमध्ये फरक नाही. ही अवस्था वर्कशॉपमध्ये दोन वायरी अदलून काही सेकंद ऐकवावी. आवाज एकदा कानात बसला की माणूस विसरत नाही.

वर्कशॉपला लागतं काय? एक मोनोब्लॉक, ३०० लिटरची टाकी, एक पंप. बॉल वॉल्व्ह गुपचूप अर्धा फिरवा, कॉइलवर पुठ्ठा टाका, तापमानाचा सेन्सर टाकीच्या पॉकेटमधून अर्धा बाहेर ओढा. मग एक मेकॅनिक आणि एक प्लंबर अशी जोडी पाठवा, हातात फक्त दोन थर्मामीटर, क्लॅम्प मीटर, बादली. गेज मागणाऱ्या जोडीला आधी चार आकडे कागदावर लिहून द्यायला सांगायचं: पाणी आत, पाणी बाहेर, फ्लो, करंट. साइटवरही मशीन सुरू करून दिल्यावर हेच चार आकडे, हवेचं तापमान आणि तारीख पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहायची. आठवड्याने स्ट्रेनर उघडायला याल तेव्हा त्याखालीच दुसरी ओळ.