तिफणीपासून टांगणीच्या आकड्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचं घराणं सुताराचं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांकडे बलुतं होतं. तिफण, कुळव, वखर, बैलगाडीची चाकं, बायकांना भाकरीच्या पिठासाठी काठवट. सुगीला खळ्यावर ज्वारी मिळायची. लोखंडी तिफणी आणि ट्रॅक्टर आले तसं ते काम आटत गेलं. वडील लातूरला आले, पत्र्याच्या शेडमध्ये दारं-चौकटी आणि देवघरं करू लागले. त्याच शेडमध्ये आज आम्ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या शैलीत कोरीवकाम करतो. वाडगे, टांगणीचे आकडे, चुन्याच्या पट्ट्या, नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, असते तशी नक्षी. लातूरचा आणि पापुआ न्यू गिनीचा काय संबंध, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी त्यांच्या हातात वाकस देतो.

कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या रेषेत असतं, वाकसाचं आडवं. त्यामुळे लाकूड फुटत नाही, तासलं जातं, आणि खोलगट भाग आतून कोरता येतो. आजोबा काठवट याच वाकसाने कोरत, एका अखंड ओंडक्यातून, कुठेही सांधा न देता. पॅसिफिकमधल्या बेटांवरचं मूळ हत्यारही हेच. तिथे पोलाद पोहोचलं ते युरोपीय जहाजांबरोबर. जेम्स कुकच्या सफरी १७६८ ते १७७९ या काळातल्या, आणि व्हेल पकडणारी आणि व्यापारी जहाजं त्यानंतर आली. त्याआधी पातं बेसॉल्टचं असे, न्यूझीलंडमध्ये हिरव्या दगडाचंही. ज्या प्रवाळबेटांवर दगडच नाही तिथे मोठ्या शिंपल्याचं कवच घासून पातं करत. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, आमच्या शेताच्या बांधावर पडलेला. त्या दगडाने लाकूड तासून माणसांनी शंभर माणसं बसतील अशा नावा केल्या, हे मला कळलं तेव्हापासून या कलेबद्दलचा माझा आदर उतरलेला नाही.

सुरुवात छंदाने झाली. २०१६ साली लातूरला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली. पाण्याअभावी बांधकामं थांबली की चौकटींची मागणीही थांबते. शेड मोकळी होती, हात मोकळे होते, बाभळीची खोडं पडली होती. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्याकडच्या लाखो वस्तूंची छायाचित्रं सगळ्यांना मोफत खुली केली. धाकट्या भावाने फोनवर मला ती दाखवली, आणि माझी बोटं एका वस्तूपाशी थांबली.

ती होती चुन्याची पट्टी. न्यू गिनीच्या आग्नेय टोकाला मॅसिम नावाचा प्रदेश आहे, ट्रोब्रियांड बेटं त्यातच येतात. तिथली माणसं सुपारी चघळतात. शिंपले आणि प्रवाळ भाजून चुना करतात, तो वाळलेल्या भोपळ्यात ठेवतात आणि लाकडी पट्टीने काढून तोंडात घालतात. ही पट्टी काळ्याभोर आबनुसाची, मुठीवर गुंडाळत गेलेली नक्षी, आणि नक्षीच्या खाचांत चुना भरून पांढऱ्या रेघा उठवलेल्या. माझी आजी आयुष्यभर चंची कमरेला लावून हिंडली. तिच्या डबीतला चुना बोटाने काढायचा, एवढाच काय तो फरक. मी बाभळीच्या गाभ्यातून तसली पट्टी कोरायला घेतली. त्या नक्षीत कुठेही सरळ रेघ नाही, प्रत्येक वळण पुढच्या वळणात शिरतं. देवघराच्या कमळ-वेलींवर बसलेल्या हाताला ते नवं होतं. ते जमेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही असं घरचे सांगतात, आणि ते खरं आहे.

लाकडाच्या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची, म्हणजे जाड दगडी भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर मातीचं धाबं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला आणि घरं उतरवली जाऊ लागली. ते लाकूड पिढ्यान्‌पिढ्या सावलीत वाळलेलं असतं. नवं सागवान किनवटकडून येतं, तेही चांगलं, पण जुन्या तुळईतून कोरलेला वाडगा उन्हाळ्यात तडकत नाही. तुळई घेताना ती कुठल्या गावची, कुणाच्या वाड्यातली हे आम्ही वहीत लिहितो. त्या लाकडाखाली कुणीतरी राहत होतं, काही घरांत कुणीतरी गेलंही होतं. वहीतली ती नोंद आम्ही गिऱ्हाइकालाही लिहून देतो.

रंगासाठी दूर जावं लागलं नाही. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीकाठी लाल माती, चुना आणि कोळसा वापरतात. आमच्याकडे गेरू, चुना आणि काजळी. वरून उकळलेलं जवसाचं तेल, ते लाकडात मुरून वाळतं आणि चकाकी न देता रंग धरून ठेवतं. मुखवट्याच्या डोळ्यांत तिकडे कवड्या बसवतात, आम्ही त्या तुळजापूरच्या बाजारातून आणतो, आराध्यांच्या माळेच्याच. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, कोरीवकामात डोळ्यांना पाऊआ शिंपल्याची निळी-हिरवी चकती असते. तिच्या जागी आम्ही गोदावरीच्या वाळूत मिळणारे साधे शिंपले घासून वापरतो. कासवाची पाठ, नॉटिलस, राक्षसी शिंपला यांना आम्ही हात लावत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

तिकडून मागवलेल्या वस्तूंचा आमचा संग्रह मात्र हळूहळू वाढला. त्यात पुराणवस्तू एकही नाही. पापुआ न्यू गिनीचा १९६५ चा आणि न्यूझीलंडचा १९७५ चा कायदा जुन्या सांस्कृतिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही आजच्या कारागिरांनी विकायला केलेल्या वस्तू घेतो: सेपिकचे आकडे, फिजीचा तानोआ. तानोआ म्हणजे यांगोना हे पेय कालवायचं पायांचं पातेलं. पायसुद्धा त्याच ओंडक्यातून कोरलेले. आमच्या काठवटीला पाय फुटले तर ती अशीच दिसेल.

अशी वस्तू लातुरात टिकवणं हे स्वतंत्र कसब आहे. समुद्रकाठच्या दमट हवेतलं लाकूड एप्रिल-मेच्या आमच्या हवेत आणलं, जिथे दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, की वरचा थर भराभर आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भेग पडते. म्हणून आम्ही मागवलेली वस्तू श्रावणाच्या सुमारास पोहोचेल असं पाहतो. आल्यावर कागदात आणि भोकं पाडलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवतो, ओंडक्याच्या कापलेल्या टोकांना मेण लावतो, आणि थंडी संपेपर्यंत थोडी थोडी उघडतो. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडताना दिसला तर भुंगा आहे. ती वस्तू आधी वेगळी ठेवायची, मग बाकीचं.

विक्री सुरू झाली ती आकड्यांपासून. सेपिककाठी अन्न जाळीच्या पिशवीत घालून उंदरांपासून वाचवायला अशा आकड्यावर टांगतात, आपल्या शिंक्याचंच काम. पुण्यातल्या एका घरसजावट करणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरासाठी घेतले, मग त्यांच्या ओळखीने पुढचे. आता छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद, बंगळूरूहून मागणी येते. देवघरं आम्ही सोडलेली नाहीत, शेडचं भाडं अजून त्यांच्यावरच निघतं.

एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली होती. अट एवढीच की वस्तू धुरात काळवंडून, कडा घासून जुन्या दिसाव्यात, आणि खाली आमचं नाव नसावं. आम्ही नाही म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तापल्या लोखंडाने ‘लातूर’ हा शिक्का आणि सालाचा आकडा उमटवतो. तो खोडायचा म्हटला तर वस्तू बिघडेल एवढा खोल.

काय कोरायचं नाही हेही आम्ही ठरवलं आहे. पापुआ न्यू गिनीच्या न्यू आयर्लंड बेटावर मलंगन नावाच्या मूर्ती मृतांच्या विधीसाठी महिनोन्‌महिने कोरतात आणि विधी झाला की त्यांचं काम संपतं. बऱ्याचदा त्या कुजू देतात किंवा नष्ट करतात. न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे अस्मात लोक मृत आप्तांसाठी उंच बिस खांब उभारतात, एका झाडातून, वरचं पंखासारखं टोक त्याच झाडाच्या रुंद मुळाचं, आणि सण झाल्यावर तो खांब साबुदाण्याच्या झाडांत नेऊन ठेवतात, जमिनीत मुरायला. हे दिवाणखान्यात ठेवायला करणं मला पटत नाही. माओरी पूर्वजांचे गोंदवलेले चेहरे म्हणजे कुणाच्या तरी घरातले आजोबा-पणजोबा असतात, तेही नाही. न्यूझीलंडमध्ये २००२ साली ‘तोई इहो’ हे चिन्ह सुरू झालं, माओरी कारागिराने स्वतः केलेली वस्तू ओळखता यावी म्हणून. खंडोबाचा टाक कुणी परदेशात टोपी अडकवायची खुंटी म्हणून विकला तर आपल्याला काय वाटेल, हे मी कामगारांना एकदाच विचारलं, नंतर समजावायची गरज पडली नाही. वापरायच्या वस्तू आणि नक्षी, एवढ्यावर आमचं काम चालतं, आणि त्यातही शिकण्यासारखं भरपूर आहे.

शेडमध्ये भाऊ आहे, गावाकडचे दोन चुलतभाऊ आहेत आणि उदगीरचा एक तरुण, ज्याच्या घरी सुतारकीचा गंधही नव्हता. पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ च्या सप्टेंबरात आली. तिच्यातून चुलतभावांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजारांचं व्हाउचर मिळालं, त्यातून पटाश्यांचे नवे संच आले. वाकस मात्र आम्ही लोहाराकडूनच घडवून घेतो. बाजारातलं पातं फार सपाट असतं, काठवटीच्या पोटात फिरत नाही. उदगीरच्या पोराला हवं तसं वळण घालून लोहाराने नुकताच एक हलका वाकस दिला आहे, आणि तो सध्या कडुनिंबाच्या ओंडक्यातून त्याचा पहिला पायांचा वाडगा काढतो आहे. तीन पाय सुटले आहेत, चौथ्याच्या जागी गाठ आहे. ती वळवून घ्यायची की पाय दोन बोटं अलीकडे सरकवायचा, यावर काल संध्याकाळपासून त्याची आणि भावाची चर्चा चालू आहे.