हात शाबूत होता, तो उचलावासाच वाटत नव्हता

मेंदूच्या ज्या ऑपरेशनमध्ये पेशंटला मध्येच जागं करतात, तिथे माझं काम इलेक्ट्रोड लावण्याचं, करंट देण्याचं आणि स्क्रीनवरच्या रेषा वाचण्याचं. सर्जन गाठ काढतात, भूलतज्ज्ञ झोप आणि जाग सांभाळतात, आणि इथून पुढे जायचं की थांबायचं हे मी सांगायचं. 'मी' नावाचं कुणी आत असतं का, आपली इच्छा आपली असते का, हे प्रश्न एरवी थिएटरच्या दाराबाहेर राहतात. या केसमध्ये ते थेट टेबलावर आले आणि नंतर वॉर्डातही मुक्कामाला राहिले.

पेशंट चाळिशीतल्या बाई, उजव्या हाताने काम करणाऱ्या. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, दोन अर्ध्यांमधल्या फटीला लागून, सावकाश वाढणारा ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच आधार देणाऱ्या पेशींची गाठ. झटका आला की बोलणं अडायचं, उजवा हात खांद्यापासून वर जायचा, मान वळायची आणि अर्ध्या मिनिटात सगळं पूर्ववत. शुद्ध जात नसे. एवढ्या वर्णनावरूनच जागा कळते: सप्लिमेंटरी मोटर एरिया, आम्ही एसएमए म्हणतो. हात-पाय थेट हलवणारी मोटर पट्टी याच्या मागे असते. बाहेरून कुणी सांगितलेलं नसताना, आपल्या आपण हालचाल सुरू करायची असते तेव्हा या एसएमएचा वाटा मोठा असतो.

टाळूच्या कातडीतल्या नसा दोन्ही बाजूंनी भूल देऊन बधिर केल्या होत्या. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते कातडीला, कवटीवरच्या आवरणाला आणि ड्यूराला, म्हणजे मेंदूभोवतीच्या जाड पडद्याला. मी दोन्ही हातांच्या आणि पायांच्या स्नायूंत सुया लावून ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विजेचा आलेख, सुरू केला. उघड्या मेंदूवर एक पट्टी ठेवली, ज्यातून मेंदूची स्वतःची वीज दिसत राहते. तिच्याशिवाय मॅपिंग, म्हणजे करंट देऊन कुठली जागा काय करते हे शोधणं, करूच नये. करंट दिल्यावर तिच्यात टोकदार लाटांची माळ सुरू झाली, तर पेशंटला जे जाणवलं ते त्या जागेचं काम होतं की झटक्याची सुरुवात, हे ठरवता येत नाही आणि तो प्रतिसाद रद्द करावा लागतो. झटका पुढे सरकू लागलाच तर ओतायला बर्फात थंड केलेलं रिंगर नावाचं क्षारांचं द्रावण हाताशी ठेवलेलं असतं.

करंट देण्याची दांडी दोन टोकांची, टोकांमध्ये ५ मिलिमीटर अंतर. ६० हर्ट्झ, दोन्ही दिशांचा पल्स, १ मिलिसेकंद रुंद. सुरुवात १ ते १.५ मिलिअँपिअरवर, मग अर्ध्या-अर्ध्याने वर. एकाच जागेला लागोपाठ दोनदा करंट द्यायचा नाही, कारण त्यानेही झटका पेटू शकतो. प्रत्येक जागा अधूनमधून अशी तीनदा तपासायची, प्रतिसाद मिळाला तिथे आकड्याचा कागद ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधेच कधीतरी दांडी टेकवायची पण करंट द्यायचाच नाही. पेशंटला यातला फरक सांगायचा नाही. तिला काहीतरी जाणवलं असं ती आपल्या समाधानासाठी म्हणते आहे का, हे पकडण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आधी मोटर पट्टी. २ मिलिअँपिअरला उजवा अंगठा आत वळला, ईएमजीवर स्पष्ट दिसला.

"ताई, काय झालं?"

"अंगठा हलला. मी नाही हलवला."

असंच उत्तर येतं. जाग्या पेशंटच्या मेंदूवर करंट देऊन पाहणारे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्या पेशंटांनीही विसाव्या शतकात हेच सांगितलं होतं की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. हालचाल होते पण तिच्यावर मालकी सांगायला कुणी पुढे येत नाही.

मग दांडी पुढे सरकली, फटीच्या कडेला. २.५ मिलिअँपिअर. ईएमजी सपाट, मेंदूवरची पट्टी स्वच्छ. मी 'काही नाही' म्हणून नोंद करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "उजवा हात उचलावासा वाटला."

"मग उचलला का नाही?"

"तुम्हीच सांगितलंत ना, आम्ही म्हणेपर्यंत हलायचं नाही."

थिएटरमध्ये क्षणभर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या जागा झाल्या, मध्ये बिनकरंटाची दांडीही झाली. तेव्हा त्यांनी "आत्ता काही नाही" असं सांगितलं. पुन्हा त्याच जागी आलो: पुन्हा हात उचलावासा वाटला. तिसऱ्या खेपेला करंट ३.५ केला. हात कोपरापासून उचलला गेला, ईएमजीवर आधी खांद्याचा स्नायू, मग दंड. त्या म्हणाल्या, "या वेळी राहवलं नाही."

हे पहिल्यांदाच घडलं असं नव्हे. इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एसएमएवर करंट देऊन अशीच इच्छा उमटल्याची नोंद केली होती, आणि काही जागी करंट वाढवल्यावर तीच इच्छा हालचालीत उतरली होती. २००९ मध्ये मिशेल देस्मुर्जे यांच्या गटाने याच्या उलट टोक दाखवलं: मागच्या, पराइटल भागावर करंट दिल्यावर पेशंटना हालचालीची इच्छा झाली, आणि करंट वाढवल्यावर आपण हालचाल केलीच असं वाटलं, पण स्नायू ढिम्म होते. मोटर पट्टीच्या पुढच्या, प्रीमोटर भागावर दिला तेव्हा अवयव हलला आणि पेशंटला पत्ताच नव्हता. म्हणजे इच्छा, हालचाल आणि 'मी केलं' ही जाणीव, तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात.

माझ्या बटणाने उमटलेली इच्छा त्या बाईंना परकी वाटली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंगठ्याच्या वेळी त्यांनी लगेच 'मी नाही' म्हटलं होतं. इथे तसं काही नाही. स्वतःचीच इच्छा, स्वतःच आवरली. आपल्याला काहीतरी करावंसं वाटतं तेव्हा ते कुठून आलं, याची साक्ष ते वाटणं देऊ शकत नाही. एवढं तरी मान्य करावंच लागतं. त्यांनी ती 'आवरली' यावर मात्र मी भर देणार नाही. उंबरठ्याखालच्या करंटने ईएमजी तसाही सपाटच राहतो, त्यामुळे हात थांबवला कुणी, त्यांनी की कमी करंटने, हे या आलेखावरून ठरत नाही.

पुढचा टप्पा गाठ काढण्याचा. मोटर पट्टीवर हाताच्या जागी एक पातळ स्ट्रिप सरकवून ठेवलेली असते. तिच्यातून ५ पल्सची झटपट माळ द्यायची, दोन पल्समध्ये ४ मिलिसेकंद, आणि हाताच्या स्नायूत उमटणारी लाट मोजत राहायचं. हिला एमईपी म्हणतात. लाटेची उंची सुरुवातीच्या निम्म्याहून खाली गेली की मी थांबायला सांगते. खोलात गेल्यावर एका टोकाच्या दांडीने पांढऱ्या भागात करंट देऊन मोटर तंतू किती दूर आहेत तेही पाहायचं. ढोबळ हिशेब १ मिलिअँपिअरला १ मिलिमीटर. आणि या सगळ्या वेळात पेशंट दोन्ही हातांची मूठ आळीपाळीने उघडत-मिटत राहतो.

एसएमएचा मागचा भाग सुटत आला तसा उजवा हात मागे पडू लागला. मग थांबला. डावा चालूच.

"ताई, उजवा हात."

"हो."

हात हलला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा "हो". मी माळ दिली: उजव्या हाताची लाट सुरुवातीला होती जवळजवळ तेवढीच. पुन्हा दिली, तेवढीच. मोटर पट्टीपासून हातापर्यंतचा रस्ता पूर्ण मोकळा होता. माझ्या करंटला हात उत्तर देत होता, त्यांना देत नव्हता.

हा क्षण निस्तरता आला नाही तर नुकसान दोन्हीकडून होतं. हात थांबला की नवखा माणूस घाबरून ऑपरेशन थांबवायला सांगतो आणि गाठ मागे राहते. उलट 'एसएमएमध्ये असंच होतं' म्हणून एमईपी न पाहता पुढे गेलं, तर मोटर तंतू दुखावून कायमचा लकवा येऊ शकतो. हात बंद आणि लाट शाबूत असेल तर तो एसएमए सिंड्रोम, जो बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरतो. हात बंद आणि लाटही पडली तर तिथेच थांबायचं. लाट शाबूत होती. मी पुढे चला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तपासणी. उजव्या हाताचा स्नायूंचा ताण नेहमीसारखा, सैल पडलेला नाही. "हात उचला" म्हटल्यावर काही नाही. बोलणं जवळजवळ बंद. प्रश्नाला मान, फार तर एक शब्द. पण मी वाक्य म्हटलं की ते मागून स्पष्ट म्हणता येत होतं, आणि "एक, दोन" म्हणून दिलं की त्या तीन, चार, पाच अशा पुढे जात होत्या. चष्मा नाकावरून घसरला तेव्हा तो उजव्या हाताने सावरला गेला. मग मी सांगितलं, "तसंच पुन्हा करा." हात पांघरुणावरच राहिला.

मी त्या हाताकडे बराच वेळ पाहत होते. ताकद आहे, समज आहे, शब्द आहेत, नाही ती फक्त सुरुवात. बाहेरून धक्का मिळाला, घसरणारा चष्मा किंवा कुणी म्हटलेला 'एक', की सगळं चालतं. आतून मात्र निघत नाही.

इच्छास्वातंत्र्य भास आहे असं म्हणणारे ज्या प्रयोगावर भिस्त ठेवतात, तोही बऱ्याच अंशी याच जागेचा आहे. हालचालीच्या आधी टाळूवर हळूहळू चढणारी ऋण लाट कोर्नह्यूबर आणि डेके यांनी १९६५ मध्ये मांडली. तिच्या सुरुवातीच्या भागात एसएमएचा मोठा हात असतो. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी लोकांना २.५६ सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका दाखवला, मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं आणि 'हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता' असं विचारलं. इच्छा हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी, लाट सुमारे ५५० मिलिसेकंद आधी. निष्कर्ष निघाला की मेंदू आधीच ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळवतो.

ज्यांनी ही लाट स्वतः काढली आहे ते इतक्या घाईने बोलत नाहीत. एका हालचालीत ती दिसतच नाही. लिबेट यांनी ४०-४० हालचालींची सरासरी घेतली होती. नेहमीच्या ईईजीचा, म्हणजे टाळूवरून काढलेल्या मेंदूच्या विजेच्या आलेखाचा, ०.५ हर्ट्झचा फिल्टर लावला तर ती लाट पुसलीच जाते, तो ०.०५ किंवा त्याखाली ठेवावा लागतो, आणि मग घाम, डोळ्यांची उघडझाप, सैल इलेक्ट्रोड, सगळ्यांच्या संथ लाटा आत शिरतात. त्याहून मोठी अडचण नोंदीचे तुकडे कापण्याची आहे. प्रत्येक तुकडा हालचालीपासून मागे मोजून कापतात, म्हणजे ज्या वेळी हालचाल झाली तेवढेच क्षण निवडले जातात. मेंदूत आपोआप होणारे चढउतार असतात. चढ उंबरठ्याला लागला की हालचाल होते असं धरलं, तर अशा निवडक तुकड्यांच्या सरासरीत चढती लाट दिसणारच, आधी कुणी काही ठरवलेलं नसलं तरी. आरोन शुर्गर, जॅकोबो सिट आणि स्तानिस्लास दहेन यांनी २०१२ मध्ये हे गणिताने दाखवलं. २०१९ मध्ये उरी माओझ यांच्या गटाने लोकांना खऱ्या देणगीचा निर्णय घ्यायला लावला, आणि ज्यात विचार करावा लागतो अशा निवडीत ती लाट जवळजवळ दिसलीच नाही. मनगट कधी हलवावं याला कारणच नसतं. अशा कृतीवरून माणसाच्या सगळ्या निर्णयांचा निवाडा करणं मला पटत नाही.

'मी' म्हणून एक कुणीतरी आत बसून बटणं दाबतो, हे चित्र मात्र मी सोडून दिलं आहे. माझ्याच हातातल्या दांडीने इच्छा वेगळी आणि हालचाल वेगळी उमटताना पाहिल्यावर ते टिकत नाही. पण भास म्हणजे जो गेल्याने कशाचंही अडत नाही. त्या बाईंचं अडलं होतं. पाण्याचा पेला समोर, तहान लागलेली, हात धडधाकट, आणि पेला उचलला जात नव्हता. जे गेल्यावर माणूस तहानलेला राहतो त्याला भास म्हणणं मला जमत नाही. ते मेंदूचं काम आहे, अनेक भागांनी मिळून केलेलं, आणि त्यातला एक भाग काही आठवड्यांसाठी बंद होता.

बोलणं आधी परतलं, हात नंतर. मधल्या काळाबद्दल त्यांनी सांगितलं, "करता येत नाही असं कधी वाटलंच नाही. करायचं मनात येत नव्हतं." तीन महिन्यांनी एकेका हाताची तपासणी ठीक होती, एक मूठ उघडताना दुसरी मिटायची, असं आळीपाळीचं काम तेवढं अडखळायचं. एसएमएनंतर ही खोट बऱ्याच जणांत रेंगाळते, म्हणून तपासताना दोन्ही हातांचं मिळून काम मुद्दाम करून घ्यावं. एकेक हात पाहिला तर निसटते.

अशा ऑपरेशनआधी नातेवाइकांशी होणाऱ्या बोलण्यात या केसपासून मी जास्त वेळ देते. काही दिवस त्या बोलणार नाहीत, एक बाजू हलवणार नाहीत, हे आधीच सांगते. लोक पेशंटला "जरा मनावर घे" म्हणत राहतात आणि प्रतिसाद आला नाही की तिने हिंमत सोडली असं धरून खचतात. म्हणून सांगते की आग्रह करू नका, सुरुवात तुम्ही करून द्या. पेला दाखवून "घे" म्हणण्याऐवजी तो तिच्या बोटांना टेकवा. प्रश्न विचारण्यापेक्षा ओळखीच्या ओळी अर्ध्या म्हणा आणि थांबा. चालताना शेजारी उभं राहून पावलं मोजा. आणि तिच्यासमोर ती ऐकत नाही असं समजून बोलू नका. तिला सगळं कळत असतं.